न दिसणारा सांध

फळीवर, नुकत्याच धुतलेल्या नोटेच्या मधोमध बायकोने टाकलेले नाणे पडून होते आणि त्याच्याभोवती ओल्या कागदाने हळूहळू एक काळपट कडे धरले होते. फळीच्या अलीकडे नवरा मांडी घालून बसला होता. पलीकडे बायको उभी होती, हातांवर कोपरापर्यंत बटाट्याची माती. दाराच्या चौकटीला पाठ टेकून त्यांची लेक उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत घट्ट धरून रस्त्याकडे पाहत होती, जणू आत जे चालले होते ते शेजारच्या घरात चालले होते. चुलीवर खळ शिजत होती. तिच्यावर एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. तेवढाच आवाज.

मग त्याने चिमटा उचलला. ताटात पडलेले झुरळ काढावे तसे ते नाणे कडेला धरले, हात लांब करून फळीबाहेर नेले आणि सोडून दिले. जमिनीवर ते थोडे गरगरले आणि आडवे पडले.

"हे घरात आणायचं नाही," तो म्हणाला.

"आठवड्याची मजुरी आहे. सगळी अशीच दिलीय," बायको म्हणाली. "तुमच्यापुरती वेगळी छापून मागू का?"

तिने कमरेची पिशवी सोडली आणि कोपऱ्यातल्या डब्यात उपडी केली. तो खणखणाट संपेपर्यंत त्याने डोळे मिटून घेतले. पंगतीत कुणी मोठ्याने ढेकर दिल्यावर शहाण्या माणसाने मिटावेत तसे. लेक खोकली. खोकला तिच्या छातीत खूप खालून निघाला, अर्ध्या वाटेवर अडला आणि पुन्हा निघाला. त्याने डोळे उघडले ते नोटेवरचे कडे पुसायला.

बाजारात त्याला वैद्य म्हणत. फाटक्या नोटांचा वैद्य. या नावात अर्धी थट्टा होती आणि अर्धा मान होता. त्याने आपल्यापुरता मान ठेवून घेतला होता आणि थट्टा देणाऱ्याच्या तोंडातच राहू दिली होती. बाजाराच्या तोंडाशी, दोरखंडाच्या दुकानाच्या ओट्यावर त्याची बैठक असे. एक फळी, एक काच, चिमटा, बारीक कात्री, पातळ कागदाच्या पट्ट्या, खळीची वाटी आणि निखाऱ्यांची हातभर इस्त्री. लोक त्याच्याकडे लहान नोटा आणत. मोठ्या नोटेला सगळेच जपतात. ती कपाटात झोपते, तिला वारा लागत नाही. लहान नोट मात्र दिवसभर हातोहात फिरते, घामाने भिजते, मुठीत चुरगळते, दुधात पडते, मासळीच्या पाण्यात पडते, आणि एके दिवशी घडीवरून मुकाट्याने दोन होते. अशा चार फाटक्या घ्यायच्या आणि तीन धड द्यायच्या, हा त्याचा धंदा. चौथीवर घर चालायचे.

मात्र त्याची खरी कमाई ती चौथी नोट नव्हती. समोरचा माणूस खजील होतो ती घटका ही त्याची खरी कमाई. नोट नाकाशी नेऊन तो वासावरून धंदा ओळखायचा आणि मग त्या धंद्याचीच झाडाझडती घ्यायचा. दूधवाल्याला विचारायचा, गाईला इतकं हळुवार पिळतोस, मग हिनं तुझं काय घोडं मारलंय. हमालाला म्हणायचा, पोतं उचलायला पाठ लागते, नोट धरायला माणूस लागतो. त्याच्या दुप्पट अंगाचे लोक ओट्याखाली उभे राहून आपल्या पायांच्या बोटांकडे बघत. मान खाली घालून तीन नोटा घेत, आणि पुढच्या वळणावर पोचताच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. तेही त्याला माहीत होते. त्यांच्या शिव्यांनाही तो नोटांसारखाच धरी, चिमट्याने.

सांधून झालेली नोट गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी तो एक खेळ करी. नोट काचेवर सपाट ठेवून म्हणे, "दाखव बरं, कुठं फाटली होती?" गिऱ्हाईक वाकून बघे, बोट फिरवी, भलतीकडेच ठेवी. मग तो हसे. हसणे म्हणजे काय, वरचा ओठ जरासा उचलला जाई. आजवर कुणालाही सांध सापडला नव्हता. लेक लहान होती तेव्हा संध्याकाळी घरी हाच खेळ तिच्याशी चाले. ती डोळे अगदी बारीक करी, जीभ दातांत धरी आणि दर वेळी चुकीच्या जागी बोट ठेवी. त्या वेळी मात्र तो खरोखर हसायचा, आवाज करून. बायको भांडी घासता घासता वळून लेकीकडे बघे आणि पुन्हा भांड्यांकडे वळे.

आणि आता भिंतीवर जाहीर कागद लागला होता. लहान नोटा बंद. त्यांच्या जागी नाणी. हंगाम संपेपर्यंत शहरातल्या बँकेत नोटा बदलून मिळतील, त्यानंतर नाही. कारणही दिले होते: कागद वर्षभरात झिजतो, नाणे माणसाएवढे जगते. गावाने तो मजकूर वाचला आणि दुपारपर्यंत तो विसरूनही गेले. फक्त एका घराला तो अपमान वाटला.

"माणसाएवढं जगतं म्हणे," तो बायकोला म्हणाला होता. "माणूस तरी कशाला इतका जगतो?"

नाण्याबद्दल त्याचे मत ठरलेले होते. नाणे गुरांच्या गळ्यात शोभते. त्याला घडी नाही, पोत नाही, वय नाही. ते फाटत नाही म्हणजे त्याला लाज नाही. लोक चार दिवस खिशात खुळखुळवतील, अस्तरे फाटतील, मग येतील पुन्हा कागदाकडे शेपूट घालून. सरकारला काय, त्याच्या डोक्यातही चिल्लरच. हे सारे तो ओट्यावर बसून सांगे आणि दोरखंडवाला मान डोलावी. भाडे वेळेवर मिळत होते तोवर त्याची मान डोलावण्याला हरकत नव्हती.

जाहीर कागदानंतर पहिले काही आठवडे ओट्यासमोर रांग लागली. शहराचा रस्ता लांब, बँकेच्या खिडकीची भीती त्याहून लांब. लोकांनी उशांतून, डब्यांतून, जुन्या चपलांतून फाटके कागद उपसून त्याच्यापुढे आणून टाकले. आता तो चाराला तीन देईना. चाराला दोन दिल्या, आणि तेवढ्यावरही लोक उपकार मानून गेले. घरातल्या धड नोटा संपल्या. पत्र्याच्या ट्रंकेत फाटक्या साचल्या. त्याच ट्रंकेत बायको आणि लेकीची मजुरीही होती, कित्येक हंगामांची. वखारीचा मुकादम बायकांना पैसे देताना गल्ल्यातल्या सर्वांत कुजक्या नोटा निवडून काढायचा. त्या घरी यायच्या, धुतल्या जायच्या, आणि "सवडीनं सांधू" म्हणून ट्रंकेच्या तळाशी जायच्या. तिथे वैद्याच्या घरातच रोगी वर्षानुवर्षे पडून होते.

वखार गावाबाहेर होती. लांब पत्र्याचे छप्पर, खाली बटाट्यांचे डोंगर. बायका ओळीने उकिडव्या बसत आणि हाताखालून बटाटे लोटत जात: मोठा पुढे, बारका डावीकडे, किडका मागे. दिवसभरात हात आपोआप चालू लागत आणि डोके रिकामे होई, हेच काय ते त्या कामाचे सुख. कोरडी माती पिठासारखी उडे. ती भुवयांवर बसे, ओठांच्या कोपऱ्यांत चिखल होऊन राही, आणि ज्यांची छाती आधीच अरुंद होती त्यांच्या आत जाऊन घर करी. लेकीकडे पोती शिवायचे काम होते. दाभण पोत्याच्या काठातून खुपसायचा, अंगठ्याने रेटायचा, सुतळी ओढायची. तिच्या अंगठ्याचा सांधा सुजून दिव्यातल्या वातीच्या गाठीसारखा झाला होता. खोकला आला की ती दाभण पोत्यात तसाच रोवून ठेवी आणि दोन्ही हातांनी पोत्याला धरी. पोते तिला धरून ठेवत आहे असे लांबून वाटे.

नाणी आली तसा मुकादमही खुलला. पूर्वी त्याला नोटा मोजाव्या लागत, थुंकी लावावी लागे. आता तो बादलीत हात घाली आणि बाईच्या ओंजळीकडे टाकी. टाकी म्हणजे टाकीच. ओंजळीच्या कडेवरून दोनचार निसटत, बटाट्यांच्या मातीत जात, आणि बाई गुडघ्यांवर येऊन मातीत बोटे फिरवी. नाणे आणि बारका बटाटा बोटांना सारखाच लागतो. मुकादम म्हणे, "सावकाश शोधा बाई, हे काही फाटायचं नाही." बाकीच्या बायका हसत. आपली पाळी येईपर्यंत हसत.

वखारीच्या फाटकाशी चहावाल्या म्हातारीचे खोपटे होते. वर पत्रा, आत दगडी ओटा, एक स्टोव्ह, दोन किटल्या, बसायला फळकूट. म्हातारीचे गुडघे गेले होते आणि ती थोरल्या मुलाकडे राहायला निघाली होती. खोपटे, जागेचा हक्क, भांडी, सगळे मिळून तिने एक आकडा सांगितला होता, आणि तो वैद्याच्या बायकोला पहिल्यांदा सांगितला होता. ही पोर धुळीतनं काढ, एवढेच ती म्हणाली. ट्रंकेतले सगळे पैसे धरले तर आकडा बसत होता. हंगाम संपेपर्यंत म्हातारी थांबायला तयार होती. मुकादमाचा मेहुणाही त्या जागेवर डोळा ठेवून होता, पण म्हातारीला त्याचे तोंड आवडत नव्हते.

बायकोने हे घरी सांगितले तेव्हा तो एका नोटेच्या दोन तुकड्यांचे काठ जुळवत होता. त्याने ऐकले, नाही असे नाही.

"खुशाल घ्या," तो म्हणाला. "ट्रंक झाली की जातो बँकेत."

"झाली की म्हणजे?"

"सांधून झाली की."

चहावाली म्हातारी नुकतीच आपल्या नोटा बदलून आली होती, आणि तिने सांगितले होते की फाटकी असली तरी चालते. दोन्ही तुकडे नुसते पुढे करायचे, खिडकीतला माणूस आकडे जुळवून बघतो आणि नाणी देतो. बायकोने हे शब्दाला शब्द सांगितले. ट्रंक आहे तशी उचला, उद्या सकाळच्या बसने चला.

तो पहिल्यांदा चिमटा खाली ठेवून तिच्याकडे नीट बघू लागला. त्या बघण्यात राग नव्हता. दारावर आलेल्या भिकाऱ्याला नाणे द्यावे की नाही हे ठरवताना माणूस बघतो तसे ते बघणे होते.

"ती चहा गाळते," तो म्हणाला. "मी, या बाजारातला एकटा माणूस ज्याला नोट कळते, तो फाटकी नोट घेऊन खिडकीशी उभा राहू? कुणा कोळणीच्या मागं? हमालाच्या मागं?"

"रांगेत कुणाच्या तरी मागंच उभं राहावं लागतं."

तो हसला, वरच्या ओठाने. मग पुन्हा वाकला.

त्यानंतरचे दिवस त्याने असे काम केले की ते पाहून एखाद्या परक्या माणसाचा ऊर भरून आला असता. ओटा त्याने सोडून दिला होता, घरातच बसे. नोट साबणाच्या पाण्यात सोडायची, तळहाताने नुसती थोपटायची. काचेवर पसरायची, तुकड्यांचे आकडे जुळवायचे, एकेक धागा चिमट्याने जागी बसवायचा. मग मागून पातळ कागदाची पट्टी, केसाएवढी खळ. खळीत तो कसर लागू नये म्हणून मोरचूद घाली आणि चिवट व्हावी म्हणून आणखी काहीतरी, जे त्याने बायकोलाही कधी सांगितले नव्हते. शेवटी इस्त्री, अशी की कागदाला कळूही नये. वाळलेल्या नोटा भिंतीशी रचल्या जात. पहाटे कवडशात त्यांचे काठ एका रेषेत दिसत आणि तो त्या रेषेकडे बघत चहा पिई. दाराबाहेर बायको आणि लेक डोक्याला फडकी बांधत असत. खोकला रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येई, मग वळणाआड जाई. त्याला तेव्हा बरे वाटे. खोकल्याने हात हलतो.

बायको रोज विचारी, किती राहिल्या. तो रोज म्हणे, घाईचं काम हमालाचं. हंगाम उतरणीला लागला. वखारीतले डोंगर खचत चालले. शेवटून दुसऱ्या दिवशी ट्रंक रिकामी झाली आणि सगळा ऐवज चौकोनी गठ्ठ्यांत, सुती दोऱ्याने बांधून, पांढऱ्या कापडात गुंडाळून तयार झाला. त्याने दाढी केली. बायकोने मजुरीचा खाडा केला आणि बरोबर निघाली. गठ्ठा त्याने तिच्या हाती दिला नाही. बसमध्ये मांडीवर घेऊन बसला.

बँकेच्या दालनात घाम आणि ओल्या कागदाचा वास कोंदला होता. रांग दारापर्यंत आली होती. त्यांच्या पुढे एक कोळीण होती, आणि तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नोटांचा नुसता लगदा. तो तोंड वळवून उभा राहिला. मधेच बायकोच्या कानाशी येऊन म्हणाला की बघ, यालाही लोक पैसे म्हणतात. खिडकीतल्या कारकुनाने नाक मुरडत तो लगदा टेबलावर पसरला, टाचणीने तुकडे वेगळे केले, आकडे वाचले, बाजूला सारले. थोडे परत केले, बरेचसे घेतले. कोळीण नाण्यांची थैली छातीशी धरून त्यांच्या अंगावरून गेली. तिच्या अंगाला मासळीचा वास येत होता.

मग त्याने कापड सोडले. गठ्ठा खिडकीत ठेवताना त्याने तो आधी बोटाने सरळ केला. कारकुनाने वर पाहिले. सकाळपासून त्याच्यापुढे इतकी नेटकी गोष्ट आली नसावी. त्याने एक नोट उचलली, बोटांत फिरवली, आणि थबकला. मग ती खिडकीच्या उजेडापुढे धरली.

सांध दिसला. उजेडात तो सरळ, काळा, काठापासून काठापर्यंत गेलेला दिसला. कारकुनाने त्याच्यावर नखही ठेवले, बरोबर जागी, विचार न करता.

"हे कुणी केलं?"

"मी," तो म्हणाला. आणि त्या एका अक्षरात इतका ताठा होता की बायकोने खाली पाहिले.

कारकुनाने दुसरी नोट उजेडात धरली, मग गठ्ठ्याच्या मधून आणखी एक काढली. मग सगळा गठ्ठा होता तसा त्याच्याकडे सरकवला. मागे पट्टी चिकटवलेली नोट घेता येत नाही, त्याने सांगितले. दोन तुकडे एकाच नोटेचे आहेत की दोन वेगळ्या नोटांचे, हे कळायला मागची बाजू दिसावी लागते. ती तुम्ही झाकलीत.

वैद्याने आकडे जुळवून बघा म्हटले. एकही तुकडा भलत्याशी जोडलेला नाही. त्याने आवाज चढवला नव्हता. उलट तो खाली आला होता, आणि त्यात बायकोने कधी न ऐकलेले काहीतरी होते. कारकुनाने त्याच्या खांद्यावरून रांगेकडे पाहिले.

"काम सुरेख आहे हो," कारकून म्हणाला. "कुणी सांगितलं होतं पण करायला? फाटक्याच आणल्या असत्या तर आत्ता नाणी मोजून दिली असती. पट्ट्या काढून आणा. उद्या दुपारी खिडकी बंद होते. चला, पुढे."

मागचा माणूस पुढे सरकला. त्याच्या हातात वर्तमानपत्राच्या पुडीत चुरगळलेले कागद होते.

परतीच्या बसमध्ये गठ्ठा बायकोच्या मांडीवर होता. तो खिडकीबाहेर बघत होता. एकदाच म्हणाला की कारकुनाची नखं घाण होती.

घरी पोचल्यावर तिने परातीत पाणी ओतले. लेक वखारीतून आली होती. आईने तिला दोन वाक्यांत सांगितले, आणि लेकीने काही न विचारता हात धुतले. उन्हे अजून भिंतीवर होती. पहिला गठ्ठा सुटला. नोटा पाण्यावर सपाट तरंगल्या आणि मग एकेक करून बुडल्या. पट्ट्या निघेनात. खळ धरून बसली होती. बायकोने नखाने रेटले तशी पट्टीबरोबर नोटेची शाईही आली, मग कागदच आला. बटाट्यांनी जाड झालेली तिची बोटे. त्यांना पकड माहीत होती, उकल नव्हती.

ती मागे वळली. तो भिंतीशी बसला होता, फळी पुढ्यात घेऊन, फळीवर काहीच नव्हते.

"तुम्हाला येतं," ती म्हणाली. "तुमच्या खळीत काय आहे ते तुम्हालाच माहीत. हात लावा."

त्याने मोकळी फळी तळहाताने पुसली.

"पोरीकडे बघा तरी. पुढच्या हंगामात ती पोती शिवू शकणार नाही. तुम्हाला ऐकू येतं ना रोज?"

"मी सांधतो," तो म्हणाला. "सुटं करणं हे माझं काम नाही."

हे त्याने इतक्या शांतपणे म्हटले की काही क्षण ते खरे वाटले. बायकोने त्याच्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे रागाने पाहिले होते, कीव करून पाहिले होते, क्वचित कौतुकानेही. आता ती त्याच्याकडे तशी पाहत होती जसा तो जगाकडे पाहत आला होता. मग ती परातीकडे वळली.

लेक पुढे झाली. आईने पाणी कोमट करून आणले. लेकीने एक नोट पाण्याखालीच पालथी केली, अंगठा दुखत होता म्हणून करंगळीचे नख पुढे केले आणि सांधावर ठेवले. नेमके सांधावर. उजेडात धरली नाही, डोळे बारीक केले नाहीत. पट्टीचे टोक तिने तिथून उचलले आणि श्वास रोखून ओढले. दुसरी नोट. नख पुन्हा बरोबर तिथेच. तिसरी. काही फाटल्या, काही निघाल्या. पण नख एकदाही चुकले नाही.

तो बघत होता. आधी बायकोच्या चुकणाऱ्या हातांकडे तुच्छतेने, मग लेकीच्या न चुकणाऱ्या नखाकडे. त्याच्या चेहऱ्यावर काय झाले हे कुणी पाहिले नाही, कारण त्या दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही. एकदा मात्र तो म्हणाला, "पाणी गार झालंय." बायको उठली आणि तिने पाणी बदलले. आभार मानले नाहीत.

अंधार पडेपर्यंत परातीच्या तळाशी निळसर गाळ बसला होता. त्यात आकडे होते, चेहरे होते, शिक्के होते, आणि कशालाच किंमत नव्हती. जे वाचले ते त्यांनी जुन्या चादरीवर पसरले. मुठीएवढे होते.

सकाळी बायको एकटी शहरात गेली. कारकुनाने ओले तुकडे घेतले, नाणी दिली. पिशवी एका हातात सहज मावली. उतरल्यावर ती घरी गेलीच नाही, सरळ फाटकाशी गेली. चहावाल्या म्हातारीने पिशवीचे वजन हातात घेतले आणि फार वेळ कुरवाळल्यासारखी धरून ठेवली, मग परत दिली. संध्याकाळी खोपट्यात मुकादमाचा मेहुणा बसला. म्हातारीने जाता जाता एक किटली आणि पेले अडकवायची तारेची जाळी वैद्याच्या बायकोला विकली, पिशवीत होते तेवढ्यात. पोरीचे पुढे काय होईल हे दोघींनाही दिसत होते.

आता बायको किटली घेऊन बाजारात फिरते. तिच्या कमरेला नाणी वाजतात. ती येते हे आधी ऐकू येते, मग दिसते. लेक वखारीतच आहे. अंगठ्याला तिने चामड्याची पट्टी बांधली आहे आणि दाभण तळहाताने रेटते. खोकला पूर्वी सकाळीच असे, आता तो वेळ पाळत नाही.

वैद्य ओट्यावर बसतो. दोरखंडवाल्याने ओट्याच्या अर्ध्या भागात वेटोळी रचली आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात तो फळी मांडतो. काच पुसतो, चिमटा पुसतो. नोटा येत नाहीत. ज्यांना तो पायांकडे बघायला लावायचा ते लोक आता ओट्यासमोरून जाताना मुद्दाम खिसा हलवतात. हमाल थांबून विचारतो, वैद्यबुवा, हे नाणं जरा आजारी वाटतंय, बघता का. दूधवाला नुसता बघतो, आणि ते जास्त असते.

दुपारी लेक डबा घेऊन आली. बाजाराचा दिवस होता आणि ऊन उतरायचे नाव घेत नव्हते. तिच्या पापण्यांवर माती होती. तिने डबा फळीच्या कडेला ठेवला, काचेला धक्का न लावता, आणि सरळ होताना तिला खोकला आला. तिने ओट्याचा खांब धरला. खोकला थांबेपर्यंत तो थांबला. मग त्याने फळीखालून कापडात ठेवलेली एक नोट काढली. लहान नोट, कुठेच न चालणारी. ती त्याने कधी सांधली, परातीतल्या गाळातून कशी उचलली, कुणाला ठाऊक नव्हते. काचेवर त्याने ती सपाट केली, काठ बोटाने सरळ केले, आणि लेकीकडे वळवली. त्याचा वरचा ओठ स्थिर होता.

"दाखव बरं," तो म्हणाला, "कुठं फाटली होती?"

लेकीने नोटेकडे पाहिले. तिची नजर काचेवर एका जागी टेकली आणि तिथेच राहिली. मग तिने ओठांवरची माती मनगटाने पुसली, अंगठ्याची चामडी पट्टी दातांनी ओढून घट्ट केली, आणि बाजाराच्या गर्दीतून वखारीच्या रस्त्याला लागली.